मापं मागितली, तिथेच माझा विश्वास बसला

प्रेस-ऑन नेल्स, म्हणजे ग्लूने चिकटवायची कृत्रिम नखं, मी घरीच लावते आणि इतकी वर्षं तयार सेटच घेत आले. डब्यात चोवीस नखं, दहा-बारा साइझ, त्यातली आपल्या बोटांना बसतील ती दहा वेगळी काढायची. पण माझे अंगठे रुंद आणि करंगळ्या अगदी बारीक. तयार सेटमधलं सगळ्यात मोठं नखही अंगठ्याला कडेने कमी पडतं. त्यामुळे ‘तुमच्या मापाने, हाताने बनवून देऊ’ म्हणणारं एक पेज सोशल मीडियावर दिसलं, तेव्हा मी लगेच मेसेज केला.

समोरच्या बाईने पहिल्याच मेसेजमध्ये विचारलं, “ताई, दहाही बोटांची मापं मिलिमीटरमध्ये पाठवाल का?” माझ्या मनातली शंका तिथेच संपली. मापं मागतेय म्हणजे खरंच बनवत असणार, असं मी धरून चालले. नखावर आडवी सेलोटेप लावून, दोन्ही कडांना पेनाने खुणा करून, ती पट्टीवर सपाट चिकटवून मी दहा मापं काढली. रात्री अर्धा-पाऊण तास त्यात गेला. आता लक्षात येतं की तिने एक साधी गोष्ट विचारलीच नाही: माप नखाच्या गोलाईवरून घेतलंय की वरून सरळ पट्टी धरून? या दोन आकड्यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. खरोखर नखं घडवणाऱ्या बाईला हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पैसे आगाऊ होते आणि परत घेणार नाही हेही आधीच सांगितलं होतं, ‘स्वच्छतेच्या कारणासाठी’. तेही मला पटलं.

पार्सलमध्ये दहा नखं, नखं घासायची एक फाइल, बोटाएवढा यूव्ही दिवा आणि पांढऱ्या झाकणाची एक छोटी बाटली होती. बाटलीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. ना नाव, ना घटक, ना तारीख. मी विचारलं तर उत्तर आलं, “आमचा स्पेशल जेल ग्लू आहे, तीन आठवडे हलत नाही.” अंगठ्याचं नख याही वेळी कडेने कमी पडत होतं. मला वाटलं, मापच मी चुकीचं घेतलं असेल. फसवणाऱ्याचं काम असं सोपं होतं. माप आपण दिलेलं असतं, त्यामुळे दोष आपण स्वतःकडेच घेतो.

आता त्या बाटलीबद्दल नीट सांगते, कारण पैसे गेले त्यापेक्षा नुकसान तिने जास्त केलं. नेहमीचा नेल ग्लू हा सायनोॲक्रिलेट असतो, तो आपोआप सुकतो. जेल ग्लू वेगळा. तो यूव्ही प्रकाश मिळाला तरच घट्ट होतो. म्हणून तो वापरायचा असेल तर वरचं नख पारदर्शक जेलचं लागतं, प्रकाश त्यातून खालपर्यंत जावा म्हणून. मला ‘सॉफ्ट जेलची’ म्हणून विकलेली नखं साध्या अपारदर्शक प्लास्टिकची होती, वर छापील स्टिकर. हे मला फार उशिरा कळलं. एकदा खिडकीशी नख धरलं तर उजेड आरपार आलाच नाही, आणि कडेला टोकरलं तर हाताने रंगवलेली म्हणून सांगितलेली फुलं एका पातळ पापुद्र्यासकट उचलली गेली. म्हणजे मी दिवा धरून बसायचे तेव्हा कडेचा ग्लू तेवढा सुकायचा, आणि मधला ओलाच माझ्या नखावर राहायचा.

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी नखांभोवती थोडी खाज आली. तिसऱ्या वेळी बोटांची टोकं लाल झाली आणि बारीक पाण्याचे फोड आले. नखं काढायला गेले तर ती निघेनात. पेजवर सांगितलं होतं, ‘कोमट साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं, आपोआप सुटतील.’ साध्या ग्लूला, तेल घालून आणि जास्त वेळ हात बुडवून, हा उपाय चालतो. जेल ग्लूला नाही. खाज सहन होईना म्हणून मी उजव्या अंगठ्याचं नख खालून उचकटलं, तर माझ्याच नखाचा थर त्याच्याबरोबर सोलून आला. जिव्हाळीपर्यंत कळ गेली.

त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून करायची ॲलर्जीची चाचणी, केली. ॲक्रिलेटची, म्हणजे जेल ग्लूमधल्या रसायनांची, ॲलर्जी निघाली, त्यातही हेमा नावाच्या घटकाची. न सुकलेला जेल त्वचेला पुन्हा पुन्हा लागत राहिला की ही ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. दातांच्या फिलिंगमध्येही याच कुळातले घटक असतात, त्यामुळे आता दंतवैद्यांना आधी सांगावं लागणार. युरोपियन युनियनमध्ये 2021 पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरायची आहेत आणि तसं बाटलीवर छापावं लागतं. माझ्या बाटलीवर छापलेलं काहीच नव्हतं, आणि तरीही मी ती तीनदा उघडली याचा मला फार त्रास होतो.

फोटो पाठवून जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, “तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल.” त्यानंतर ब्लॉक. मग मी पेजवरचा एक फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. तो दुसऱ्याच एका नेल आर्टिस्टचा होता, खालचं तिचं नाव कापून टाकलेलं. पेजवरचे ‘ग्राहकांचे’ हातही सगळे तिचेच. मी तिला कळवलं. तिने बिचारीने तासाभरात उत्तर दिलं आणि सांगितलं की ती माप घेण्यासाठी आधी वेगवेगळ्या साइझची कोरी नखं घरी पाठवते, ती लावून बघून नंबर कळवायचे. दोन साइझच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या आणि कडा घासा, असंही ती म्हणाली. लहान नख ताणून बसवलं की लवकर उचलतं आणि खालच्या नखावर ओढ येते.

कुणाकडून असा सेट मागवणार असाल तर पैसे देण्याआधी त्याच नखांचा, शेजारी तुमच्या नावाची चिठ्ठी ठेवून काढलेला व्हिडिओ मागा. ग्लूच्या लेबलचा फोटो मागा आणि घटक वाचता आले नाहीत तर व्यवहार तिथेच थांबवा. पार्सल उघडताना रेकॉर्डिंग करा. माझ्याकडे ते नव्हतं, त्यामुळे बँकेकडच्या तक्रारीत नुसते स्क्रीनशॉट जोडावे लागले. पैसे अजून आलेले नाहीत.

अंगठ्याचं नख आता मागून अर्धं चांगलं आलंय, पुढचं अजून पातळ आणि खरबरीत आहे. ते पेज तक्रारीनंतर बंद झालं. गेल्या आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसले, तीच फुलं, तोच हात. त्या हाताच्या अनामिकेवर, पहिल्या पेरापाशी, एक छोटा तीळ आहे. मूळ आर्टिस्टचं पेज सोडून तो कुठेही दिसला तर ऑर्डर देऊ नका.