सर्व्हर माझा, किल्ल्या त्याच्याकडे

गेली चार वर्षं मी माइनक्राफ्ट या ऑनलाइन गेमचा एक सर्व्हर चालवतो. रोज संध्याकाळी चाळीस-पन्नास जण खेळायला येतात, त्यात शाळकरी मुलं जास्त. मागच्या वर्षी खर्च भागेना, म्हणून वेबसाइट आणि दुकान काढायचं ठरवलं. खेळाडूने साइटवर खातं उघडायचं, ते गेममधल्या खात्याला जोडायचं, आणि साइटवर रँक (गेममधला खास दर्जा) विकत घेतली की ती गेममध्ये आपोआप मिळायची. गेममध्ये प्लगइन (जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम) बसवणं मला जमतं, वेबसाइट जमत नाही. ओळखीतल्या एकाने एक डेव्हलपर सुचवला. पुढे माझे पैसे बुडाले ते बुडालेच, पण माझ्या भरवशावर राहिलेल्या तीन मुलांची खातीही गेली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माणूस बोलायला गोड, कामही चटचट करायचा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "भाऊ, सध्या माझ्या नावावर घेतो, काम संपलं की तुमच्या नावावर करून देतो. तुम्ही फक्त गेम सांभाळा." होस्टिंगही (साइट ठेवायची जागा) त्याच्याच नावावर घेतलं. विक्रीचे पैसे मात्र थेट माझ्या खात्यात येत होते, त्यामुळे बाकी काय कोणाच्या नावावर आहे याकडे मी लक्षच दिलं नाही.

खाती जोडण्याचं काम त्याने सुरुवातीला नीट केलं होतं. ते कसं चालतं हे आधी सांगतो, कारण खोटी जोडणी ओळखायची तर खरी माहीत हवी. खेळाडू गेममध्ये असताना लिंकची कमांड देतो. सर्व्हर त्याला काही मिनिटंच चालणारा एक छोटा कोड दाखवतो. खेळाडू तो कोड वेबसाइटवर भरतो आणि साइट त्याचा यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक खात्याचा वेगळा ओळख क्रमांक, नोंदवून ठेवते. नाव बदलता येतं, यूयूआयडी तोच राहतो. सर्व्हर ऑनलाइन मोडमध्ये असेल तर आत आलेला खेळाडू खरा आहे की नाही हे आत येतानाच तपासलेलं असतं. म्हणजे कोड गेममध्ये तयार होतो आणि साइटवर भरला जातो. यात तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या (माइनक्राफ्टचं लॉगिन त्यानेच होतं) ईमेलची किंवा त्यावर आलेल्या कोडची गरज कुठेच पडत नाही.

दोन महिने बरे गेले. मग जुने खेळाडू विचारायला लागले, "दादा, एवढे व्हीआयपी कुठून आले?" एका रात्री मी लकपर्म्सचा, म्हणजे रँक सांभाळणाऱ्या प्लगइनचा, लॉग उघडला आणि वही घेऊन एकेक रँक जमा झालेल्या पैशांशी ताडून पाहिली. महिन्याभरात रँक दिल्या गेल्या होत्या ६१, पैसे आले होते ३८ जणांचे. तेवीस रँक फुकट गेल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर देणाऱ्याचं नाव एकच होतं, कन्सोल, म्हणजे कोणी खेळाडू नव्हे तर खुद्द सर्व्हर.

साइटच्या कोडची एक प्रत माझ्याकडे होती. ती एका जाणकार मैत्रिणीने वाचली आणि अर्ध्या तासात दोष दाखवला. कोणी पैसे भरले की पेमेंट सेवा साइटला एक निरोप पाठवते, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप खरंच त्या सेवेकडूनच आलाय का, हे सोबतच्या डिजिटल सहीवरून तपासायचं असतं. ती तपासणी डेव्हलपरने बंद करून ठेवली होती. त्यामुळे वेबहुकचा पत्ता माहीत असलेला कोणीही "पैसे मिळाले" असा खोटा निरोप पाठवून रँक मिळवू शकत होता, आणि तो पत्ता त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. नंतर एका खेळाडूने स्वतःहून कबूल केलं की त्याने आपली रँक याच डेव्हलपरकडून खाजगी चॅटवर निम्म्या किमतीत घेतली होती.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, "टेस्टिंगसाठी बंद केलं होतं भाऊ, चालू करायचं राहून गेलं." मी त्याचं ऑप, म्हणजे गेममधला व्यवस्थापकाचा अधिकार, काढलं आणि विषय संपला असं समजलो. तिथे माझी मोठी चूक झाली. दोन दिवसांनी दुकानात कधीच न ठेवलेल्या तलवारी आणि चिलखतं खेळाडूंच्या हातात दिसू लागली. पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू विकायला माइनक्राफ्टच्या नियमांत मनाई आहे, २०१४ सालीच मोजांगने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, ते स्पष्ट केलंय. त्यामुळे सर्व्हरच अडचणीत येऊ शकत होता. शोधल्यावर आरकॉन सापडलं, म्हणजे सर्व्हरला बाहेरून हुकूम देण्याची सोय. साइटने गेमला हुकूम द्यावेत म्हणून त्याने २५५७५ हा पोर्ट (सर्व्हरचं एक दार) सगळ्या जगासाठी उघडा ठेवला होता आणि पासवर्ड अर्थातच त्याच्याकडे होता. आरकॉनवरून आलेला हुकूम कन्सोलच्या अधिकाराने चालतो, मग तुम्ही ऑप काढा नाहीतर बॅन करा. आरकॉन बंद केलं, पासवर्ड बदलले, दुकानाच्या गुप्त किल्ल्या (पासवर्डसारखे लांब कोड) नव्या घेतल्या.

पण डोमेन त्याच्याकडेच होतं.

आठवड्याभरात त्याने लिंकचं पान बदललं. लोगो आमचाच, रंगही तेच. मजकूर असा होता: "सुरक्षेसाठी सर्वांनी खातं पुन्हा जोडावं. माइनक्राफ्टचा ईमेल टाका, आलेला कोड इथे भरा." ईमेल टाकला की पलीकडे तो त्याच ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनवर जायचा आणि कोड मागवायचा. मुलाच्या इनबॉक्समध्ये खऱ्या मायक्रोसॉफ्टचा खरा मेल यायचा, म्हणून त्याला शंका यायची नाही. तो कोड म्हणजेच खात्याचं दार होतं. एका मुलाचा मेसेज मी अजून जपून ठेवलाय: "दादा, तुमच्या साइटने मागितला म्हणून दिला. आता मला लॉगिनच होत नाहीये." त्याचा ईमेल, फोन, सगळं काही मिनिटांत बदललं गेलं होतं.

कळल्याक्षणी मी गेममध्ये घोषणा केली, साइट वापरू नका म्हणून. कोड दिला असेल तर त्याच क्षणी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या सुरक्षा पानावर जा, पासवर्ड बदला, अनोळखी ईमेल किंवा फोन जोडलेला दिसला तर काढा, आणि सगळीकडून साइन आउट करा. याचा परिणाम व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून उद्यावर ढकलू नका. हेच जाळं डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर व्हेरिफिकेशन बॉटच्या (ओळख तपासतो असं सांगणाऱ्या आपोआप चालणाऱ्या खात्याच्या) रूपातही असतं. बॉट आधी गेममधलं नाव विचारतो, मग ईमेल, मग कोड.

सर्व्हर चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर घ्या. काम करणाऱ्याला त्याच्या कामापुरता वेगळा प्रवेश द्या आणि काम संपल्यावर तो काढून घ्या. "नंतर नावावर करून देतो" हे ऐकलं की तिथेच थांबा. दर आठवड्याला दिलेल्या रँक आणि आलेले पैसे समोरासमोर ठेवून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मी ते आधीपासून केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं असतं.

पैसे देऊन रँक घेतलेल्या सगळ्यांना मी नव्या साइटवर त्या परत दिल्या. जुन्या डोमेनची तक्रार केली आहे, अजून ते बंद झालेलं नाही. तिघांपैकी दोघांना खाती परत मिळाली. तिसऱ्याने नवं खातं घेतलं. त्याचं घर आणि कुलूपबंद पेट्या जुन्या यूयूआयडीवर होत्या, त्या एकेक करून मी हाताने नव्यावर आणल्या. त्याच्या जुन्या नावाने मात्र आजही दुसऱ्या सर्व्हरवर कोणीतरी खेळतं, आणि त्याचे मित्र त्याला विचारतात, "काल तू तिथे होतास ना?"