धोबीतलावचं कयानी: आधी वर बघा, मग आत शिरा

गिरगाव सोडून डोंबिवलीला आले त्याला बावीस वर्षं झाली, पण टाऊनात काम निघालं की परतीची गाडी धरायच्या आधी कयानी या जुन्या इराणी हॉटेलात डोकावते. परवा भाचीला नेलं. "मावशी, एसी नाही?" हा तिचा पहिला प्रश्न.

खरं तर तिला आधी मेट्रो सिनेमाच्या चौकातच थांबवलं होतं. म्हटलं, ही जेर महाल इमारत बघ. वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या सामायिक जागा. बोटीवर नोकरी लागेपर्यंत त्या त्या गावची माणसं इथे ट्रंक टाकून राहायची, संध्याकाळी एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना, म्हणायची. खाली इराण्याचं हॉटेल, १९०४ सालचं. मेट्रो उघडलं १९३८ला, म्हणजे कयानी त्याच्याहून ३४ वर्षांनी मोठं.

आत शिरलं की काचेच्या बरण्यांतली बिस्किटं आणि भट्टीचा गोडसर वास. लहानपणी आई इथून भराभर पुढे न्यायची, "अंड्याचा वास येतो" म्हणत. तो वास अंड्याचा नव्हे, मावा केकचा होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं!

बन मस्का मागवा. गोडसर, मऊ बन, मध्ये सढळ हाताने लोणी. तुकडा चहात बुडवला की चहावर लोण्याचे पिवळे ठिपके तरंगतात आणि शेवटचा घोट खारट-गोड लागतो. माझ्या मते सगळा पैसा त्या घोटातच वसूल. दात शाबूत असतील तर ब्रून मस्का घ्या. तो कडक असतो, बुडवल्याशिवाय चावू नका. भाचीने खिमा पाव घेतला, वर लिंबू पिळलं आणि पाव दोनदा मागवला. एसीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आमच्याकडे स्टेशनाजवळ मध्यंतरी एक 'इराणी थीम'वालं हॉटेल निघालंय. भिंतीवर जुन्या मुंबईचे फोटो, आणि बन मायक्रोवेव्हमधून काढलेला. दोन मिनिटांत चामडं झालं त्याचं. फोटो मात्र छान होते.

कयानीत गर्दीच्या वेळी टेबल आपलं एकट्याचं मानू नका, समोर कुणी अनोळखी बसला तर सरकून घ्यायचं. परवा एक वकील बसले होते, ब्रीफ बाजूला सारून अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडाभुर्जी, खात होते.

निघताना सहा मावा केक बांधून घेतले. सीएसएमटीहून फास्ट पकडली, खिडकी मिळाली. डोंबिवलीला पिशवी उघडली तेव्हा चारच उरले होते, आणि भाचीच्या ओढणीवर चुरा.