होडीवरचा लाल बाटला: दिवाळ्याच्या खाडीत एका हंगामाचा अनुभव

मागच्या नारळी पौर्णिमेआधी होडीसाठी दोन किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस, तिन्ही आगींवर चालणारा) फायर सिलिंडर, म्हणजे आग विझवायचा बाटला, घेतला. आता मे संपत आलाय, पावसाळी मासेमारीबंदीसाठी होड्या वर ओढायची तयारी सुरू आहे, तेव्हा म्हटलं लिहून टाकू. आमची होडी फायबरची, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड मशीन, दिव्यासाठी बारा व्होल्टची एक बॅटरी. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवरून निघून पनवेल खाडीच्या तोंडाशी बोकशी (पिशवीसारखं जाळं) लावतो, कधी वाशी पुलाच्या दिशेने वर जातो. काका तांडेल (होडीचे प्रमुख), मी आणि माझा चुलतभाऊ खलाशी. बाटला आणला त्या दिवशी काकांनी एवढंच विचारलं, "यो लाल डबा कनाला आनलास?"

खाडीत चारी बाजूंनी पाणी, मग आगीची भीती कसली, असं जेट्टीवर बरेच जण बोलतात. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं की पेट्रोल पाण्यावर तरंगत फळ्यांखालून अख्ख्या होडीत फिरतं, आग सोबत घेऊन. फायबरचं अंगही रेझिनचं. एकदा धरलं की काळा धूर सोडत जळतं. आणि उडी मारायची म्हटलं तर ओहोटीला खाली पाणी कुठे असतं? मांडीभर चिखल. भरती येईपर्यंत दुसरी होडीसुद्धा जवळ येऊ शकत नाही, बंब तर लांबच राहिला.

दुकानात एक किलोचा स्वस्त होता, तो मुद्दाम घेतला नाही. दोन किलोचा फवारासुद्धा आठ-दहा सेकंदच चालतो, एक किलोचा त्याहून कमी, आणि हलत्या होडीत पहिला फवारा हमखास वाऱ्यावर जातो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा बाटला) नको म्हणालो, कारण उघड्या होडीत तो वायू आगीवर टिकतच नाही, वारा घेऊन जातो. घेताना आयएसआय शिक्का आणि त्याखाली आयएस १५६८३ हा अशा बाटल्यांच्या मानकाचा आकडा बघा. लेबलवर 'बी' अक्षराच्या आधी एक आकडा असतो. तो जितका मोठा तितकी मोठी तेलाची आग झेपते. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, त्याला ऑफिसच्या भिंतीवर टांगायचे बाटले विकायची सवय.

भिंतीवरून आठवलं, खरी रड तिथेच आहे. सोबत येतो तो भिंतीचा लोखंडी हूक. होडीवर तो गणपतीपर्यंतसुद्धा धड राहिला नाही, गंजाचे पोपडे सुटले आणि मशीनच्या थरथरीने बाटला रात्रभर खडखड करायचा. शेवटी स्टेनलेसचा पट्टा करून घेतला आणि आत जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा लावला. रंग जिथे घासला गेला तिथे तळाच्या कडेला गंज धरलाच. तो खरवडून प्रायमर मारावा लागला. खिट्टीला महिन्यातून एकदा व्हॅसलीन लावतो, नाहीतर ती मिठाने चिकटून बसते आणि ऐनवेळी ओढूनही निघायची नाही.

दिवाळीपर्यंत गेजच्या (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या) काचेआड ओल शिरली. काटा हिरव्यात आहे की लाल पट्ट्यात, टॉर्च मारूनही कळेना. तसंही गेज फक्त दाब दाखवतो, पावडर किती आहे ते नाही. लेबलवर भरलेल्या बाटल्याचं एकूण वजन छापलेलं असतं, म्हणून मी तो सरळ मासे मोजायच्या काट्यावर ठेवू लागलो. कोळंबीची पाटी उतरली की मागोमाग लाल बाटला. मावश्या हसायच्या, "काय भाव रं ह्याचा?" हसू देत. वजन बरोबर भरलं की निम्मी चिंता मिटते. उरलेली निम्मी म्हणजे आतली पावडर. थरथरीने ती तळाशी दाबून बसते, मग मूठ दाबली तर नुसता गॅस फुसकन निघून जाईल. दर आठवड्याला बाटला उलटा करायचा, हाताला पावडर सरकल्यासारखी लागली पाहिजे. नाही लागली तर बुडावर रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं.

आता जागेबद्दल. मशीनजवळ लावा, तिथेच आग लागते, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. काका म्हणाले, जिथे आग लागते तिथे हात घालायचा कसा? म्हणून तो नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोन फळ्यांच्या मध्ये बसवला. त्या एका गोष्टीमुळे होडी वाचली.

जानेवारीतली संध्याकाळ. ओहोटी संपून भरती लागायची वाट बघत नांगरावर होतो. टाकीपासून मशीनकडे जाणाऱ्या नळीला हाताने दाबायचा रबरी फुगा असतो, त्याला उन्हाने बारीक भेग गेली होती. ती बाहेरून दिसत नव्हती, फुगा दाबला की उघडायची. भावाने मशीन चालू करण्याआधी तो दाबला, पेट्रोल मागच्या खोलगट जागेत झिरपलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, तळाशी साचते. आणि तिथेच बॅटरीच्या टर्मिनलवर दिव्याची वायर. ठिणगी दिसलीच नाही, थेट भप्प आवाज आणि गुडघ्याएवढी ज्वाळा.

भावाने बादली उचलली. काका ओरडले, "पानी नको मारू!" मी बाटला काढेपर्यंत काकांनी मधल्या टाकीवरची नळी उपटून टाकली होती. वारा नाळेकडून मागे वाहत होता, त्यामुळे ज्वाळा खाडीच्या बाजूला झुकल्या. वारा उलटा असता तर हे लिहिण्याइतका निवांत नसतो. चालत्या होडीतही हेच धरायचं: आग मागे असेल तर नाळ वाऱ्याला, आग पुढे असेल तर मागची बाजू वाऱ्याला.

पहिला फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर गेला, काही उपयोग नाही. दुसरा बुडाशी, डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखा, आणि आग एकदम गेली. एकदम म्हणजे खरंच एकदम. पण त्याच क्षणी समोर पांढरा ढग, मशीन दिसेना, घशात खवखव. आग विझली तरी पेट्रोल तिथेच असतं आणि वायर तिथेच असते, म्हणून उरलेली पावडर राखून मी तसाच उभा राहिलो, आणि भावाने पान्याने बॅटरीची क्लॅम्प काढली. मग कुठे बसलो.

बाटल्यात निम्मी पावडर शिल्लक होती म्हणून काकांना वाटलं, अजून एकदा चालेल. सकाळी मूठ दाबली तर काहीच नाही. वापरल्यावर व्हॉल्व्हच्या बसक्यात पावडरीचे कण अडकतात आणि दाब हळूहळू गळतो. एकदा दाबला की तो बाटला संपला असंच समजा आणि लगेच भरून घ्या. भरणाऱ्याकडे समोर उभं राहून वजन करायला लावा. आमच्या शेजारच्या होडीचा बाटला एका दुकानाने न उघडताच नवीन तारखेचा स्टिकर चिकटवून परत दिला होता.

या वस्तूची सर्वात मोठी खोट म्हणजे नंतरची साफसफाई. ही पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट, ओल लागली की धातू खाते. आणि होडीवर ओल नाही अशी जागा कुठली? त्याच रात्री गोड्या पाण्याने मशीन धुतलं, ब्रशने खाचा साफ केल्या. तरी स्टार्टरच्या खालची एक खाच राहिली. काही दिवसांत तिथे ॲल्युमिनियमवर पांढरा भुगा आणि तांब्याच्या वायरला हिरवट थर. कार्बुरेटर उघडावा लागला, मेकॅनिकचं बिल बाटल्याच्या किमतीपेक्षा जास्त झालं. होडीच्या किमतीपुढे ते काहीच नाही, तरी आधी माहीत असलेलं बरं. अवशेष न सोडणारे क्लीन एजंटचे बाटले मिळतात, पण महाग, आणि उघड्यावर त्यांचीही गत सीओटूसारखीच.

डिझेलच्या मोठ्या बोटीवाल्यांना मात्र मी हातातला बाटला एकटा पुरेल असं सांगणार नाही. डिझेल पेटत नाही हा समज सोडा; आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश असतो, इंजिनघर त्याहून तापतं, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर फुटक्या नळीतून डिझेल उडालं तर ठिणगीचीही गरज नाही. तिथे छताला टांगायचा, काचेची बल्ब फुटून आपोआप सुटणारा बाटला बरा. लाल बल्ब ६८ अंशाला फुटते, पिवळी ७९ ला. आपल्या उन्हात बंद इंजिनघरासाठी मी पिवळीच घेईन. वर स्वयंपाकाचा गॅस असेल तर सिलिंडर उघड्यावर बांधा. तो वायूही तळाला बसतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अलिबागजवळ आक्षीसमोर बोट पेटली तेव्हा खलाशी सुखरूप आले, बोट आणि जाळी गेली. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये विशाखापट्टणमच्या मच्छीमार बंदरात एका रात्रीत डझनावारी बोटी जळाल्या. आमच्या जेट्टीवर होड्या जशा एकमेकींना घासून बांधतात ते बघितलं की मला ती बातमी आठवते.

फायर ब्लँकेटही (आगीवर टाकायची न पेटणारी चादर) घेतलं होतं. चहाच्या स्टोव्हसाठी ठीक, बाकी पिशवीतून बाहेर आलं नाही.

जानेवारीनंतर केलेले बदल: बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच फ्यूज, टर्मिनलवर रबरी टोप्या, नळी आणि फुगा नवीन. पेट्रोल भरताना टाकी होडीतून उचलून जेट्टीवर ठेवतो, वाफ होडीत साचायलाच नको. फोनमध्ये १५५४ (तटरक्षक दल) आणि १०९३ (सागरी पोलीस) तिघांच्याही आहेत, पण पुलाच्या पलीकडे रेंज कधी असते, कधी नसते.

बाटला पुन्हा तोच घ्याल का, तर हो, दोन किलोचाच, हूक मात्र पहिल्याच दिवशी फेकून द्या. या बंदीत दुसरा घेतोय, तो मागच्या बाजूला लागेल. काकांनी स्वतःच पैसे काढून दिले.