किचनरचा कागदी रुमाल आणि माझे 20,840 रुपये

गेली बावीस वर्षे जुने छापील कागद जमवणारा माणूस एका कागदी रुमालापायी फसला, हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो, कारण तोच विक्रेता आता इतर संग्राहकांनाही निरोप पाठवू लागला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये फेरीवाले शोकप्रसंगांच्या आठवणीचे असे रुमाल विकत: पातळ, चुण्यांचा कागद, कडेला रंगीत फुले आणि मध्ये काळ्या शाईतला मजकूर. मला लॉर्ड किचनरचा हवा होता, कारण माझे बालपण देवळालीत गेले आणि 1905 मध्ये तिथे लष्करी अधिकाऱ्यांचे स्टाफ कॉलेज सुरू करणारा ब्रिटिश हिंदुस्थानचा सरसेनापती तोच. 5 जून 1916 रोजी रशियाला निघालेली 'हॅम्पशायर' ही युद्धनौका स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ जर्मन सुरुंगावर आदळून बुडाली, तीत तो गेला.

रुमालाचे 18,500 रुपये आणि मग 'कस्टममधून सोडवण्याचे' 2,340. माल लंडनचा आणि पैसे मात्र इथल्या 'भाच्याच्या' खात्यावर. असे कोणी सांगितले की तिथेच व्यवहार मोडावा. पण खरी चूक त्याआधीची. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रात 737 मृत असे स्वच्छ छापलेले होते आणि आकडा बरोबर आहे म्हणून मी चक्क खूश झालो! तो आकडा अलीकडच्या संशोधनाने ठरला, 2016 मध्ये ऑर्कनीतल्या मार्विक हेडच्या स्मारकभिंतीवर तेवढी नावे कोरली गेली; त्या जून महिन्यात विकलेल्या रुमालावर तो येणार कुठून? हे मला ठाऊक होते. दुर्मिळ वस्तू समोर दिसली की भल्याभल्यांची नजर मागची बाजू पाहायला विसरते, एवढेच माझे समर्थन. मागच्या बाजूचे छायाचित्र मागितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पार्सल आले, अतिनील दिव्याखाली धरले, तर कागद निळा चकाकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून मिसळलेल्या रासायनिक उजळकांची ही चकाकी; असे उजळक 1916 च्या कागदात नसत.

बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्जाचा नमुना बदलला होता, तिसऱ्यांदा 'वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कसली' असे ऐकवून मला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवला. पैसे गेल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकावर फोन करा. मी नऊ दिवस घालवले, तोवर ते खाते रिकामे झाले होते. अर्जाची पोच मागितली, तेव्हा अंमलदाराने रुमाल दिव्यासमोर धरून विचारले, "काका, हा हात पुसायचाच ना?"