तोरणमाळच्या थंडीत गाडीतली आंघोळ: गिझर, बॅटरी, पिशवी की पातेलं?

शहाद्यात स्वेटर बॅगेतच होता. सात पायरी घाट चढून तोरणमाळला पोचलो तेव्हा तो अंगावर आला आणि दोन दिवस उतरला नाही. डिसेंबरच्या पहाटे यशवंत तलावाजवळ गाडीच्या टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर १२ अंश!

कॅम्पर व्हॅनसाठी गरम पाण्याची सोय करायची असेल, तर आधी एक हिशेब. माणशी १५ लिटर पाणी १२ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण अर्धा युनिट ऊर्जा लागते, मग ती कशातूनही येवो.

म्हणूनच बॅटरीवर हीटर चालवायचा विचार मी लगेच सोडला. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. दोघांनी आंघोळ केली, इन्व्हर्टरनं आपला वाटा खाल्ला, की रात्री दिवे लावायची पंचाईत. १५०० वॅटची रॉड तर बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढते. मुक्कामी प्लग मिळणार असेल तरच रॉड बरोबर घ्या.

पोर्टेबल गॅस गिझरवर मात्र माझा जीव जडला होता. साधारण १० किलोवॅटचा, मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा. डब्यावर ‘६ लिटर’ ठळक छापलेलं असतं, पण त्या धारेला पाणी फक्त २४ अंशांनी तापतं. म्हणजे आमचं १२ चं पाणी ३६ वर; अंगावर घेतलं की शहारा. धार ४ लिटरवर आणली तेव्हा कुठे खरं कढत पाणी आलं, मग त्यात थोडं गार मिसळायचं. धार फारच बारीक केली तर गिझर विझतो, कारण पाण्याच्या दाबावरच तो पेटतो. दुसऱ्या दिवशी नेमकं हेच झालं. डोक्याला शॅम्पू, पंपाच्या जाळीत तळाची रेती अडकलेली आणि गिझर नुसता टक-टक-टक करतोय, ज्वाला काही धरत नाही. उरलेली आंघोळ १२ अंशांच्या पाण्यानं उरकली. दुकानदारानं विकताना जाळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

साबण लावताना नळ बंद केलात, तर आतल्या नळीत अडकलेलं पाणी तापत राहतं आणि पुढची पहिली धार चटका देते. आधी हातावर घ्या. गॅस मात्र कमी लागतो, एका आंघोळीला ५० ग्रॅमच्या आसपास. ब्युटेनचे छोटे डबे थंडीत ढेपाळतात, कारण ब्युटेन शून्याच्या जवळपासच उकळतो, त्यामुळे गारठ्यात डब्यात दाबच उरत नाही. ५ किलोची टाकी बरी. आणि गिझर गाडीच्या बाहेरच, उघड्यावर. आत लावला तर कार्बन मोनॉक्साईड वासही न येता जीव घेतो.

काळी सोलर पिशवी सगळ्यात स्वस्त. खानदेशातलं हिवाळी ऊनही कडक, त्यामुळे दुपारी बारापासून टपावर ठेवली की चारला झकास पाणी. पण पहाटेच आंघोळ करणाऱ्यांना तिचा उपयोग शून्य, कारण रात्रीतून ती बर्फ होते.

उरलं पातेलं. तिसऱ्या सकाळी चहाच्या टपरीवाल्यानं माझी खटपट बघून विचारलं, “हंडा तापवा ना भो, एवढं कशाले?” ५ लिटर पाणी शेगडीवर उकळलं (तोरणमाळच्या उंचीवर ते ९६ अंशांनाच उकळतं), त्यात टाकीतलं १० लिटर घातलं, बरोबर ४० अंश. लागली वीस मिनिटं. बादलीत सोडायचा चार्जिंगचा छोटा पंप आणि शॉवर जोडला की काम झालं.

दोघंच असाल आणि वर्षातून दोन-तीन फेऱ्या, तर पातेलं आणि पंप घ्या. चार-पाच जण, त्यात पोरं, सलग मुक्काम असेल तर गिझर, पण सुटी जाळी आणि ५ किलोची टाकी धरूनच. मी गिझर विकलेला नाही. पंपाची जाळी धुऊन तो मागच्या डिकीत ठेवलाय, पातेल्याच्या खाली.