शाळेचं वीजबिल: आधी बीएलडीसी पंखे की छतावर सौर पॅनल?

दहा वर्गांची शाळा धरा, प्रत्येक वर्गात चार पंखे आणि चार ट्यूब. जुना पंखा ७५ वॅट घेतो, ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४८ च्या आसपास. रोज ६ तास, महिन्याला २२ दिवस चालवले की साधारण ६५० युनिट पडतात. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) आणि २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, तर तेच काम २६५ युनिटांत होतं.

तेच ६५० युनिट छतावर तयार करायचे, तर किलोवॅटमागे रोजचे सरासरी ४ युनिट धरून साडेपाच किलोवॅटचा संच लागेल आणि सावली नसलेली साडेपाचशे चौरस फूट गच्ची. पंखे-दिवे बदललेल्या शाळेला अडीच किलोवॅट पुरतात. म्हणून पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी पंखे आणि दिवे, यात आम्हाला शंका नाही. शिवाय हे काम वर्गावर्गाने करता येतं. सुरुवात ट्यूबपासून करा, पट्टी स्वस्त असते.

पंख्यांचा घोळ बहुतेक वेळा रेग्युलेटरपाशी होतो. जुना रेग्युलेटर काढून नवा पंखा थेट जोडावा लागतो, नाहीतर पंख्याच्या आतलं सर्किट जळू शकतं. वर्गात रिमोट टिकत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल निवडा. सर्किटची वॉरंटी किती, हे वेगळं विचारा. गावात ते दुरुस्त करणारा सहसा मिळत नाही.

सौर संचाची अडचण सुट्टीतली. मे महिन्यात ऊन भरपूर आणि शाळा बंद. नेट मीटर (वीज कंपनीला दिलेले युनिट बिलातून वजा करणारा मीटर) असेल तर ते युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, नसेल तर वाया जातात. बॅटरी नसलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो, त्यामुळे भारनियमनावर तो उपाय नाही. स्लॅबला भोकं पाडून सांगाडा बसवला आणि ती नीट बुजवली नाहीत, तर पावसाळ्यात गळती ठरलेली. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करा, पण स्लॅबला ते वजन पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या. धूळ पंधरवड्याला सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त घरांसाठी आहे, शाळेच्या हिशेबात ते धरू नका.

दिवे-पंखे आधीच बदललेले असतील किंवा संगणक कक्ष आणि बोअरचा पंप दिवसभर चालत असेल, तर मात्र सौर संच आधी घ्या. दोन्हींपैकी कशाचंही कोटेशन मागवण्याआधी मागच्या १२ महिन्यांची बिलं काढून सुट्टीतले युनिट बघा. शाळा बंद असतानाही मीटर पळत असेल, तर आधी तो भार शोधा.