पाटी नसलेलं ब्रेकवाल्या मामांचं गॅरेज, धायरी – ४ स्टार

आधीच सांगते, इथे पाटी नाही, बसायला खुर्ची नाही आणि मामा फोन उचलत नाहीत. तरी चार स्टार देतेय.

आमची हॅचबॅक २०१५ ची, नव्वद हजार किलोमीटर झालेली. जुलैमध्ये ताम्हिणीतून माणगावला उतरत होतो तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तो गोलात उद्गारचिन्हवाला, वळण आलं की लागायचा आणि रस्ता सरळ झाला की आपोआप जायचा. नवरा म्हणे हँडब्रेक नीट खाली गेला नसेल, तीनदा दाबून बघितला, काही नाही. ब्रेकपण नेहमीपेक्षा खाली जाऊन लागत होता. मग सेकंड गिअरमध्येच उतरलो अख्खा घाट, मागचे हॉर्न मारून मारून दमले.

पुण्यात आल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो (नाव नाही घेत). त्यांनी स्कॅनर लावला, एबीएसमध्ये (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) एरर नाही म्हणाले, ब्रेक ऑइल टॉपअप केलं, दिवा गेला, आणि वर पुढचे डिस्क आणि पॅड दोन्ही बदला म्हणून १४ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. ऑइल कमी का झालं होतं विचारलं तर "जुनी गाडी आहे मॅडम, होतं असं." बारा दिवसांनी भाजी आणायला निघाले आणि सोसायटीच्या गेटवरच दिवा परत हजर!!

शेजारच्या काकांनी मामांकडे पाठवलं. मामांनी गाडीला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, दिवा सारखा लागतो की फक्त वळणावर? वळणावर म्हटल्यावर सरळ बॉनेट उघडलं. ऑइलच्या डबीत एक फ्लोट असतो म्हणे, लेव्हल उतरून कमीच्या खुणेजवळ आली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. पॅड झिजतात तशी लेव्हल थोडी उतरतेच, त्यात काही बिघाड नाही, पण त्याला महिने लागतात. "बारा दिवसांत उतरलं म्हणजे ताई, ऑइल कुठेतरी जातंय." मी म्हटलं पार्किंगमध्ये थेंब पण नाही. ते नुसते हसले.

मग मलाच सीटवर बसवलं. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा ब्रेक दाबायचा, शेवटचा दाबून धरायचा आणि तसंच इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं म्हणजे बूस्टर (ब्रेक दाबायला इंजिनचा जोर देणारा डबा) ठीक, गेलंच नाही आणि दगडासारखं कडक राहिलं तर बूस्टर नाहीतर त्याचा व्हॅक्यूम पाइप बघायचा. आमचं गेलं. नंतर तसंच धरून ठेवायला लावलं, हळूहळू तळाला सरकलं तर मास्टर सिलिंडरवर (पेडलचा दाब ऑइलला देणारा पंप) संशय, ते काही सरकलं नाही.

मग मागचा डावा ड्रम काढला आणि व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारी छोटी नळी) रबर जरा उचललं तर आतून ऑइल! ड्रमच्या आतच गळत होतं त्यामुळे जमिनीवर काही दिसायचं नाही, आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) सगळे ऑइलने माखलेले, धरणार काय कप्पाळ. एवढे दिवस लेकीला शाळेत सोडायला याच गाडीने जात होते हे आठवून पोटात गोळा आला. ऑइल लागलेला लायनर धुवून परत बसवायचा नाही आणि एका बाजूचा बदलला तर दुसरीकडचापण बदलायचा, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे खेचते, असं मामांचं म्हणणं, म्हणून मागचे सिलिंडर आणि लायनर दोन्हीकडचे बदलले. पुढचे पॅड निम्मे शिल्लक होते, डिस्कला काही झालेलं नव्हतं, दोन्ही तसेच ठेवले. कुठे १४ हजार!

ऑइल सगळं काढून नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) भरलं, आमच्या डबीच्या झाकणावरच डॉट ४ लिहिलंय, तुमच्याही असेल बघा. हे ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं, ओल आत शिरली की लवकर उकळतं आणि घाटात ऐन वेळी ब्रेक मऊ पडतो, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. आमचं शेवटचं कधी बदललेलं ते नवऱ्याला विचारलं तर विषयच बदलला. ब्रेकच्या पाइपातली एअर काढताना परत मीच सीटवर, "दाब… दाब… धर… सोड", मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं झाली, दुसऱ्या दिवशी पोटरी दुखत होती.

बिल ३,८५०, पार्टच्या पावत्यांसकट. जुने सिलिंडर पेपरात गुंडाळून हातात दिले. महिना झाला, लेव्हल तिथल्या तिथे आहे, दर रविवारी बघते.

एक स्टार कापला कारण संध्याकाळी देतो म्हणालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली आणि ते विचारायला फोन केला तर नऊ वेळा नुसती रिंग. शनिवारी जाऊ नका, रिक्षांची लाइन असते. आणि स्लिपर घालून गेलात तर ब्रेक दाबायला बसवत नाहीत, मला आधी घरी पाठवलं होतं बूट घालून यायला.